कॅमेरे चिक्कार, मोबाइल शून्य

मोबाइलवर नाव कमावलेल्यांना घरात बोलवायचं आणि दारातच त्यांचा मोबाइल काढून घ्यायचा! 'बिग बॉस मराठी' या टीव्हीवरच्या रिॲलिटी शोची खरी गंमत ही. 2024च्या पाचव्या पर्वात 'कोकण हार्टेड गर्ल' अंकिता वालावलकर, कोल्हापूरचे धनंजय पोवार, बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण ही रीलवाली मंडळी त्या घरात मोबाइलविना राहिली. पर्व होतं 70 दिवसांचं. भोकरदन तालुक्यातल्या आपल्या केदारखेड्यात नववीतल्या पोराचा मोबाइल 70 मिनिटं काढून बघा. लेकरू जेवणार नाही!

मग पोरांनी हा शो बघावा की नाही? बघावा. पण कानात हेडफोन कोंबून एकट्यानं नको. घरातलं मोठं कुणी शेजारी हवं.

सूरजचंच घ्या. आई-वडील लहानपणीच गेले, वाचताना अडखळायला होतं. टिकटॉकवर नाव झालं, तर जून 2020 मध्ये सरकारनं टिकटॉकच बंद केलं. पठ्ठ्या खचला नाही. 6 ऑक्टोबर 2024ला ट्रॉफी आणि 14 लाख 60 हजार रुपये घेऊनच बाहेर पडला. मागे कोण राहिलं? अभिजीत सावंत, 2005 मधला पहिला 'इंडियन आयडॉल'! मधल्या गणपतीत त्याचे 'गुलीगत' अन् 'झापुक झुपूक' हे शब्द शेंबड्या पोरांनाही पाठ. पोरांना इथवरची गोष्ट ठाऊक असते. पुढची मोठ्यांनी सांगायची. 25 एप्रिल 2025ला केदार शिंदेंचा 'झापुक झुपूक' चित्रपट आला, हिरो सूरजच, पण थिएटरं काही भरली नाहीत. शोमध्ये मत फुकट देता येतं, तिकिटाला पैसे पडतात. फॉलोअर आणि गिऱ्हाईक यांतला फरक दहावीच्या पोराला यापेक्षा सोपा करून कसा सांगणार?

तिकडे ब्रिटनमध्ये 2018 साली 'द सर्कल' नावाचा शो निघाला. स्पर्धक एकाच इमारतीत, पण वेगवेगळ्या खोल्यांत. बोलायचं फक्त ॲपवरून. पहिल्या पर्वात सगळ्यांची लाडकी 'केट' जिंकली. प्रत्यक्षात ती ॲलेक्स नावाचा तरुण होता, फोटो त्याच्या गर्लफ्रेंडचे! अनोळखी 'हाय'ला उत्तर देण्याआधी आठवीतल्या पोरीला एवढा एक किस्सा ऐकवाच.

लहान मुलांनाच अशा शोच्या स्पर्धेत उतरवायचं असेल, तर कायद्याची वही जाडजूड आहे. 2017च्या बालकामगार नियमांनुसार 14 वर्षांखालच्या मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. म्हणजे 70 दिवसांचं घर तिथंच बाद. कमाईतला किमान 20 टक्के वाटा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा. आणि शूटिंग केदारखेड्यात असेल, तर निर्मात्यानं आधी जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणायची.

आईच्या मोबाइलवर कपाशीत उभं राहून रील काढणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. इन्स्टाग्रामला तेवढी 13 वर्षं पूर्ण हवीत. त्यावरही तोड निघालेली आहेच: तिथं पाचवीतली पोरंही 2001 साली जन्मलेली असतात.