एक वर्गणी झाली. आता दार आणि वाट सोपी करण्याचे काम

चंदीगड : पंजाब विद्यापीठ सेक्टर १४ मध्ये आणि 'पीजीआय' ही वैद्यकीय संस्था शेजारच्या सेक्टर १२ मध्ये. सूक्ष्मजीवशास्त्राची 'इमटेक' ही सीएसआयआरची प्रयोगशाळा सेक्टर ३९ मध्ये. एकाच शहरातील या तीन संस्थांच्या संशोधकांना कोणती नियतकालिके वाचायला मिळणार, हे २०२४ अखेरपर्यंत बऱ्याच अंशी त्यांची संस्था कोणत्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते यावर अवलंबून होते. विद्यापीठांसाठी 'ई-शोधसिंधू', वैद्यकीय संस्थांसाठी 'ईआरमेड', सीएसआयआरसाठी 'एनकेआरसी' अशा दहा वेगवेगळ्या ग्रंथालय-संघांमार्फत सरकार प्रकाशकांना पैसे मोजत होते. काही वेळा एकाच नियतकालिकासाठी ते दोनदा मोजले जात.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजेच एक राष्ट्र, एक वर्गणी ही योजना याच विस्कळीतपणावरचा उपाय आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती लागू झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना उपलब्ध झाली आहेत. समन्वयाची जबाबदारी गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राकडे आहे.

मात्र वर्गणी भरली म्हणजे लेख वाचकाच्या हाती पडला, असे होत नाही.

प्रकाशकाचे संकेतस्थळ वाचकाला ओळखते ते मुख्यतः दोन प्रकारे. पहिला प्रकार जुना : संस्थेच्या आवारातील इंटरनेट पत्ता दिसला की दार उघडते. विद्यार्थी वसतिगृहाबाहेर राहत असेल, सुटीत गावी गेला असेल किंवा क्षेत्रकार्यावर असेल, तर त्याच्या मोबाइलला हे दार बंदच. दुसरा प्रकार महासंघीय ओळखीचा. इन्फ्लिबनेटची 'इन्फेड' ही व्यवस्था त्यासाठीच आहे. वाचक प्रकाशकाच्या पानावर आपल्या संस्थेचे नाव निवडतो, त्याला संस्थेच्या स्वतःच्या लॉगिन पानाकडे पाठवले जाते आणि तेथे पडताळणी झाली की तो परत येतो. पासवर्ड प्रकाशकाकडे जात नाही. 'हा आमचा विद्यार्थी आहे' एवढीच हमी जाते. व्यवस्था चोख आहे, पण तिची सारी भिस्त संस्थेच्या नोंदींवर. नव्या विद्यार्थ्याचे खाते वेळेवर उघडले नाही, तर कोट्यवधींची वर्गणी त्याच्यापुरती निरुपयोगी ठरते. मोठ्या विद्यापीठांना हे काम सांभाळणारे मनुष्यबळ मिळते. तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयात अनेकदा एकटा ग्रंथपालच असतो.

शोधाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. विशेषतः भारतीय भाषांच्या अभ्यासकांना तो अधिक जाणवतो. संत नामदेवांचेच उदाहरण घ्यावे. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत आणि गुरदासपूर जिल्ह्यातील ज्या घुमानशी त्यांचे नाव जोडलेले आहे, तेथे २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. नामदेवांवर संशोधन करणाऱ्याला हे एकच नाव देवनागरीत, गुरुमुखीत आणि रोमन लिपीत शोधावे लागते. रोमनमध्येही कोणी अखेरीस 'देव' लिहितो, कोणी 'देओ'. ज्ञानेश्वरांच्या 'ज्ञ'ची तर मराठी, हिंदी आणि संस्कृत उच्चारांनुसार तीन रोमन रूपे होतात. संगणकाला ही तीन वेगवेगळी माणसे वाटतात. सर्व रूपे एका प्रमाण नोंदीखाली जोडणे हे ग्रंथालयशास्त्रातील जुनेच काम. ते डिजिटल भांडारात झाल्याशिवाय शोधखिडकी कितीही देखणी केली तरी उपयोग नाही. पाच लाखांहून अधिक प्रबंध सर्वांसाठी खुले ठेवणाऱ्या 'शोधगंगा'ला या सुधारणेचा सर्वाधिक लाभ होईल, कारण तेथे मराठी प्रबंध आहेत. वर्गणीतील १३,००० नियतकालिके मात्र बहुतांशी इंग्रजी आहेत. सार्वजनिक पैशाचा हा कल मराठीच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावा असा आहे.

योजनेच्या आखणीनुसार पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता आहे. दुसऱ्या टप्प्यात खासगी शिक्षणसंस्थांना सामावून घेण्याचा, तर तिसऱ्यात सार्वजनिक ग्रंथालयांतील ठरावीक केंद्रांमधून सर्व नागरिकांना प्रवेश देण्याचा विचार आहे. हा तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. पीएचडी पूर्ण होताच विद्यापीठाचे खाते गमावणारा संशोधक, खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टर, स्वतंत्र अभ्यासक यांच्यासाठी आज कोणतेच दार नाही.

चंदीगडमध्ये सेक्टर १७ मधील टी. एस. सेंट्रल स्टेट लायब्ररीसारख्या, तर महाराष्ट्रात जिल्हा ग्रंथालयांसारख्या ठिकाणी असे केंद्र सुरू करायचे, तर लागणारे साहित्य फारसे नाही : काही संगणक, भरवशाची जोडणी आणि लेख शोधून देऊ शकणारा प्रशिक्षित कर्मचारी. अवघड भाग करारपत्रात आहे. कोणत्याही संस्थेचा सदस्य नसलेल्या, केवळ ग्रंथालयात येऊन बसलेल्या वाचकाला लेख उघडता येईल का आणि त्याची प्रत सोबत नेता येईल का, हे प्रकाशकांशी होणाऱ्या करारात स्पष्ट लिहून घ्यावे लागेल. सध्याची तरतूद २०२७ पर्यंतची आहे.