पापनिवेदन

पापनिवेदन : आपल्या हातून घडलेली पापे पश्चात्तापपूर्वक धर्मगुरूपाशी उच्चारून ईश्वराची क्षमा मिळविण्याचा ख्रिस्ती धर्मविधी. रोमन कॅथलिक पंथाच्या सात संस्कारांपैकी हा एक असून सिंधुदुर्ग व गोमंतकातील कोकणीभाषक कॅथलिक समाजात तो ‘कुमसार’ या नावाने ओळखला जातो. पुनरुत्थित ख्रिस्ताने शिष्यांना पापक्षमेचा अधिकार दिला, या योहानकृत शुभवर्तमानातील (२०·२२-२३) वृत्तान्तावर तो आधारलेला आहे.

आरंभीच्या शतकांत धर्मत्याग, खून, व्यभिचार यांसारख्या गंभीर पापांबद्दल दीर्घकाळ जाहीर प्रायश्चित्त घ्यावे लागे. पुढे आयर्लंडमधील मठवासीयांच्या प्रभावाने खाजगी निवेदन रूढ झाले. चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये वर्षातून किमान एकदा निवेदन आवश्यक ठरविले. ट्रेंट परिषदेने १५५१ मध्ये पश्चात्ताप, निवेदन व परिमार्जन ही त्याची अंगे निश्चित केली. निवेदन ऐकून धर्मगुरू उपदेश करतो, प्रार्थना वा सत्कृत्य नेमून देतो आणि त्रैक्याच्या नावाने पापमोचन उच्चारतो. मात्र खरा पश्चात्ताप नसल्यास पापमोचन निष्फळ ठरते. चोरी करणाऱ्याने शक्य असेल तेथे वस्तू परत करणेही अपेक्षित असते.

पाप शब्दांत सांगावयाचे असल्याने या संस्कारात भाषेला विशेष महत्त्व आहे. कोकण किनाऱ्यावरील मिशनऱ्यांना स्थानिक भाषा शिकणे त्यामुळे अपरिहार्य होते. थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे कोकणी व्याकरण १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. उलट १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोकणीचा त्याग करण्याचा हुकूम काढला. दुभाष्यामार्फत निवेदन करण्याची चर्चच्या कायद्यात मुभा आहे. पण तोही गुप्ततेने बांधलेला असतो.

निवेदनातील मजकूर धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव उघड करावयाचा नसतो. जाणूनबुजून थेट गुप्तताभंग केल्यास तो बहिष्कृत होतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये वकील व अशील यांच्यातील संभाषणास संरक्षण असले, तरी पापनिवेदनास तसे स्पष्ट संरक्षण नाही. केरळमधील काही धर्मगुरूंविरुद्ध लैंगिक शोषणाच्या तक्रारी आल्यावर राष्ट्रीय महिला आयोगाने २०१८ मध्ये ही प्रथा बंद करण्याची शिफारस केली. चर्चने तीस विरोध केला. निवेदकाला निर्भय करणारी गुप्तता विश्वासघातासही वाव देऊ शकते, हा या वादाचा गाभा होय.

बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ सामुदायिक उपासनेत थेट ईश्वरापाशी पापकबुली देतात.