कारखान्याची 'खबर' लोकांनी का वाचावी?

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी हा भाग लेखी देतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' कापलेत, बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय आहे कंपनीचं मार्केटिंगचं लिखाण. आपल्या कामाबद्दल कंपनी स्वतः जे लिहून लोकांपुढे ठेवते, ते दिसावं कसं, त्याची ओळख कशी तयार व्हावी आणि ते कुणाला वाचावंसं का वाटावं, हे बघू.

शेंद्र्याशी याचा काय संबंध?

शेंद्रा एमआयडीसी म्हटलं की आधी स्कोडाचं नाव निघतं. २००१ पासून त्यांच्या गाड्या इथे जोडल्या जातात. शेजारी ऑरिक उभं राहिलंय. शेंद्रा आणि बिडकीन मिळून साधारण दहा हजार एकर, दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा भाग. पण आपल्या जिल्ह्यातल्या एमआयडीसींमध्ये मोठ्या नावांच्या मागे कितीतरी छोटी युनिट्सही असतात. दोन सीएनसी, एक ड्रिल मशीन, सहा-आठ माणसं आणि जॉब वर्क. पार्ट यांनी बनवायचा, नाव दुसऱ्याचं लागायचं.

एकाच मोठ्या गिऱ्हाईकावर युनिट चाललेलं असतं तोवर हे खपून जातं. त्या गिऱ्हाईकाने मॉडेल बंद केलं की मशीन थांबतात. दुसरं काम शोधायला निघालं तर बाहेर कुणी ओळखत नाही. वीस वर्षांचा हात बसलेला असतो, पण तो कुठे लिहिलेलाच नसतो. म्हणून हा विषय सजावटीचा नाही, त्या सहा-आठ माणसांच्या पगाराचा आहे.

तुमच्यापैकी काहींच्या गळ्यात हे काम पडलंही असेल. 'तू मोबाइलवरच असतोस ना, मग आपलं ऑनलाइनचं जरा बघ,' असं काका म्हणाले की झालं!

शंभर वर्षांपूर्वीचं कंटेंट मार्केटिंग

कंटेंट मार्केटिंग हा शब्द आपल्याला नवा वाटतो, पण मराठीत हे काम शंभर वर्षांपूर्वी झालंय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन बिघडेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटायची. म्हणजे माल तयार होता, विश्वास तयार नव्हता. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. काम होतं कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती पोचवण्याचं. ते सांभाळत होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. ते स्वतः चित्रकार, त्यामुळे अंक दिसतो कसा याकडे पहिल्यापासून लक्ष.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. मजकूर कारखान्यापुरता राहिला नाही. वाचकाच्या घरातले, समाजातले, विज्ञानाचे विषय त्यात आले. नऊ-दहा वर्षांत नावातलं 'खबर' गळलं आणि 'किर्लोस्कर' हे मराठीतलं मोठं मासिक झालं. १९३० मध्ये त्याच घरातून 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. ज्यांना कधी नांगर घ्यायचा नव्हता, त्यांच्याही घरात किर्लोस्कर हे नाव पोचलं. अमेरिकेत जॉन डिअर या नांगरवाल्याच कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे मासिक काढलं होतं. ते आजही निघतं.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच: लोक कंपनीबद्दल वाचत नाहीत, स्वतःबद्दल वाचतात. रंग, लोगो, फॉन्ट हे सगळं त्यानंतर.

आधी मजकूर

नेहमीचं पहिलं वाक्य कसं असतं? 'आम्ही उच्च दर्जाच्या उत्पादनांचे अग्रगण्य निर्माते आहोत.' हेच वाक्य शेजारच्या गाळ्यालाही चालतं आणि मिठाईच्या दुकानालाही. म्हणजे त्याने काहीच सांगितलं नाही.

आता हे बघा: 'बेअरिंग सारखं गरम होतंय? आधी तीन गोष्टी तपासा: ग्रीस कमी किंवा जास्त झालंय का, शाफ्ट सरळ रेषेत बसलाय का, लोड ठरल्यापेक्षा जास्त आहे का.' मेंटेनन्सवाला माणूस रात्रपाळीत हेच शोधत असतो. त्याला उत्तर मिळालं की खालचं तुमचं नाव तो आपोआप बघतो.

विषय कुठून आणायचे? गिऱ्हाईक फोनवर जे प्रश्न विचारतं ते महिनाभर वहीत लिहा. जो प्रश्न तीनदा आला, तो तुमचा पहिला लेख. उत्तर काकांकडून किंवा मशीनवरच्या जुन्या ऑपरेटरकडून घ्या, त्यांच्याच शब्दांत. 'टर्निंग'ला 'टर्निंग'च म्हणा, त्याचं भाषांतर करत बसू नका.

एक सावधगिरी. गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग किंवा पार्टचा फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. बऱ्याचदा गुप्ततेचा करार झालेला असतो. मोठ्या कंपनीचा लोगोही लेखी परवानगीशिवाय नको. एका फोटोपायी चालू ऑर्डर जायला नको.

मग रूप

आता माझ्या धंद्यातलं बोलतो. वाचणारा फोनवर आहे, बहुतेक उभ्याने आणि उन्हात.

अक्षराचा आकार सतरा-अठरा पिक्सेलपेक्षा खाली नको. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. अक्षराच्या साधारण १.६ ते १.८ पट ठेवून बघा. इंग्रजी डिझाइनमध्ये अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन आहे, ती मराठीत करू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो.

फॉन्ट विकत घ्यायची गरज नाही. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले 'मुक्त' आणि 'बालू' मोफत मिळतात. मजकुराला मुक्त, मथळ्याला बालू, विषय संपला. दोनपेक्षा जास्त फॉन्ट नकोत. विंडोजवर वर्षानुवर्षं दिसणारा 'मंगल' ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रातही काम केलेले होते. अक्षर आणि विक्री यांचं नातं आपल्याकडे जुनंच आहे.

डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल जुन्या फॉन्टमध्ये असेल तर कॉपी केल्यावर अगम्य चिन्हं उमटतात. ती युनिकोडमध्ये करून घ्या. माहिती फोटोवर लिहून टाकायची सवयही सोडा. फोटोतली अक्षरं सर्चला नीट सापडतीलच असं नाही, मोठी करून वाचता येत नाहीत आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला बहुधा कळतच नाहीत. फिक्या राखाडी अक्षरांचंही तेच. पार्श्वभूमी आणि अक्षर यांत निदान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट हवा. हे मोजणारी फुकट साधनं आहेत.

फोनवरचा चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका. वेबपी करून दोनशे केबीच्या आत आणा. पान उघडायला वेळ लागला तर वाचणारा थांबत नाही.

शेवटी ओळख

ब्रँड म्हणजे लोगो नाही. दर वेळी तेच नाव, तोच रंग, तीच बोलण्याची पद्धत आणि ठरलेल्या दिवशी येणं. महिन्यातून एक लेख टाकायचा ठरवलंत तरी चालेल, पण तो महिना चुकवू नका. बिलावर एक नाव, बोर्डावर दुसरं आणि फोनमध्ये तिसरं असेल तर गिऱ्हाईकाला तीन वेगळ्या कंपन्या वाटतात.

आपल्या शहराची एक खास गोष्ट आहे. पत्त्यात 'छत्रपती संभाजीनगर' लिहाच, पण जुन्या नावाची सवय असलेला बाहेरचा परचेसवाला अजून 'औरंगाबाद' टाकून शोधत असेल. दोन्ही नावं मजकुरात एकेकदा येऊ द्या. 'शेंद्रा एमआयडीसी' आणि जवळ असाल तर 'ऑरिक'ही. जो शोधतोय त्याला सापडणं हेच आपलं काम.

आणि हे चालतंय की नाही ते लाइकवरून ठरवू नका. नवा फोन आला की एकच विचारा, 'आमचं नाव कुठे वाचलंत?' उत्तर त्याच वहीत लिहा. सहा महिन्यांनी ती वही काकांसमोर ठेवा. पुढे किती वेळ आणि पैसा घालायचा हे त्यावरूनच ठरेल.

या आठवड्याचं काम: आपल्या कंपनीबद्दलचं पहिलं वाक्य उघडा. शेजारच्या गाळ्याचं नाव टाकूनही ते खरं ठरत असेल, तर खोडा आणि गिऱ्हाईकाच्या प्रश्नाने सुरुवात करा. नवं वाक्य आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातली काही वाचून दाखवतो. भेटूच!