रक्तदानाला सत्याची जोड

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार जैन परंपरेने सांगितले आहेत. महावीर जन्मकल्याणकानिमित्त गावोगावी भरणाऱ्या रक्तदान शिबिरांत औषधदान व अभयदान या दोहोंचा संगम होतो. मात्र आपल्या रक्ताने घेणाऱ्याला खरोखर अभय लाभते काय, याचा विचार प्रत्येक दात्याने करणे अगत्याचे आहे.

थॅलेसेमिया मेजर हा आनुवंशिक रक्तविकार आहे. त्यात शरीर पुरेसे हिमोग्लोबिन निर्माण करू शकत नाही. अशा बालकाला साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि तेही बहुधा जन्मभर, रक्त घ्यावे लागते. दहा वर्षांत शंभराहून अधिक अनोळखी दात्यांचे रक्त त्याच्या शरीरात जाते. जितके दाते अधिक, तितका विषाणुसंसर्गाचा धोकाही अधिक.

हिपॅटायटिस सी हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. भारतात दात्याच्या रक्ताची त्यासाठी तपासणी २००१ मध्ये सक्तीची झाली. तत्पूर्वी अनेक रुग्णांना औषध म्हणून मिळालेल्या रक्तातूनच हा संसर्ग झाला. वारंवार रक्त घेतल्याने यकृतात लोह साचते. त्यात या विषाणूची भर पडली की यकृताची हानी वेगाने होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री करणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर बंदी आली. आज एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांची तपासणी बंधनकारक आहे. तथापि संसर्ग झाल्यानंतर काही काळ तो चाचणीत दिसत नाही. नॅट या प्रगत चाचणीने हा काळ पुष्कळ घटतो. परंतु शून्यावर येत नाही.

ही उरलेली फट केवळ दात्याचे सत्यवचन बुजवू शकते. शिबिरात प्रश्नावली भरताना पूर्वीची कावीळ, अलीकडचे गोंदण, अंगातील ताप किंवा जोखमीचे वर्तन लपवू नये. मित्रमंडळींसमोर माघार घेणे अनेकांना कमीपणाचे वाटते; वस्तुतः अशी माघार हीच त्या वेळी खरी अहिंसा ठरते. आयोजकांनीही जमलेल्या बाटल्यांच्या आकड्यापेक्षा दात्याला एकांतात, मोकळेपणे उत्तर देता येईल अशा व्यवस्थेकडे अधिक लक्ष द्यावे.

आशेची बाजूही मोठी आहे. हिपॅटायटिस बी वर प्रभावी लस आहे. सी वर लस नसली तरी नव्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण साधारणतः तीन महिन्यांत विषाणुमुक्त होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत हे उपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात.

माता व पिता दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत बाळाला हा विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाह ठरविताना पत्रिकेसोबत रक्ततपासणीचा अहवालही पाहावा. ज्या घरी असे बालक आहे, तेथील माता-पिता प्रत्येक पिशवी दात्याच्या विश्वासावर स्वीकारतात. त्या विश्वासाला पात्र ठरणे, हेच खरे अभयदान.