डोळा लावण्याआधी
शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभे राहून मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवले की फोकस लागतो. अंतर किती, हा प्रश्नच पडत नाही. जुन्या लेन्सवर ते अंतर कोरलेले असे. एका ओळीत फूट, दुसरीत मीटर, टोकाला आडवा आठ, म्हणजे इन्फिनिटी. आजच्या मिररलेस लेन्सवरून ही पट्टी बहुधा हद्दपार झाली आहे आणि तिच्यासाठी हळहळणाऱ्यांची गणना जुन्याच्या नादी लागलेल्यांत होते. तिची बाजू घ्यायची तर आधी एक कबुली द्यावी लागते. मोजमापाचे साधन म्हणून ती फारशी भरवशाची नव्हतीच. ५० मिमीची साधी लेन्स इन्फिनिटीवरून १ मीटरवर आणायला सुमारे २.६ मिमी पुढे सरकवावी लागते. त्यातले निम्मे २ मीटरपासून १ मीटरपर्यंत येण्यातच खर्ची पडतात; १० मीटरपासून क्षितिजापर्यंतच्या साऱ्या जगाच्या वाट्याला येतो जेमतेम पाव मिलिमीटर. दरवाजा १५ मीटरवर आहे की २०, हे अशा पट्टीवर नेमके वाचता येणे कठीण.

मग ती टिकली कशी? फोकस दिसण्याआधी तो ठरवून ठेवता येतो, म्हणून. सिनेमात हे स्पष्ट दिसते. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. त्या जमान्यातल्या बेल अँड हॉवेल किंवा मिचेल धाटणीच्या स्टुडिओ कॅमेऱ्यात शॉट चालू असताना लेन्समधून बघायची सोयच नव्हती. कॅमेरा बाजूला सरकवून काचेवर फोकस पाहायचा, परत जागेवर आणायचा आणि पुढे शेजारच्या व्ह्यूफाइंडरवर भिस्त ठेवायची. फिरत्या आरशामुळे ती सोय देणारा ॲरिफ्लेक्स कॅमेरा आला तो १९३७ साली. लेन्समधून दिसत नसे म्हणून टेप लावायची: फिल्मच्या पातळीपासून नटाच्या डोळ्यापर्यंत. जमिनीवर पावलांची खूण, लेन्सवर पेन्सिलची रेघ. नट चालू लागला की सहायकाचा हात एका रेघेवरून दुसरीवर. मोजायचे काम टेपचे. पट्टीमुळे नटाचे पाऊल आणि सहायकाची बोटे यांच्यात करार होई. आज लेन्समधून सगळे दिसते, तरी सेटवरचा फोकस पुलर खुणा करतोच, कारण फोकस गेलेला दिसेपर्यंत शॉटही गेलेला असतो.

यावर रास्त आक्षेप असा की १९८५ च्या मिनोल्टा ७००० पासून ऑटोफोकस इतका पुढे गेला आहे की आता तो माणसाचा डोळा हुडकून धरतो. खरे आहे, आणि पोर्ट्रेटसाठी पट्टीचा आग्रह धरणे हा निव्वळ हट्ट ठरेल. पण पेठेतल्या अरुंद रस्त्यावर ढोलपथक अंगावर येत असते, मध्येच ध्वज आडवा होतो, टिपरू लेन्ससमोरून जाते. तिथे कशावर फोकस हवा हे यंत्राने प्रत्येक क्षणी नव्याने ठरवण्यापेक्षा आपण एकदाच ठरवलेले बरे. ३५ मिमीची लेन्स, एफ ८, रिंग ५ मीटरवर: अडीच मीटरपासून जवळजवळ इन्फिनिटीपर्यंत सारे चालण्याजोगे स्पष्ट.

‘चालण्याजोगे’ या शब्दालाच जाणकार हरकत घेतील. कुठून कुठपर्यंत स्पष्ट दिसेल हे सांगणाऱ्या, पट्टीशेजारच्या डेप्थ ऑफ फील्डच्या खुणा फिल्मवर ०.०३ मिमीचा धूसर ठिपका खपतो, असे धरून आखल्या गेल्या. आठ बाय दहाची प्रिंट वीतभर अंतरावरून पाहायची, एवढीच तेव्हाची अपेक्षा. ४५ मेगापिक्सेलचे चित्र पडद्यावर पूर्ण मोठे केले की ती सवलत उघडी पडते. मान्य, पण त्यावर तोडगाही पट्टीतच आहे. ठिपका निम्मा करायचा तर ॲपर्चर एफ ८ ठेवून खुणा एफ ४ च्या वाचायच्या. मग त्याच लेन्सची रिंग १० मीटरवर न्यावी लागते आणि स्पष्टता सुरू होते ५ मीटरपासून. अडीच मीटरवरचा ढोल धूसर होणार. तो सोडायचा की मागचा दरवाजा, हे पथक वळणावर दिसण्याआधीच ठरवता येते.