गेलेले पैसे परत आणायला जाऊ नका

(सामुदायिक रेडिओवरून दिलेलं भाषण)

भाकरी टाकता टाकता ऐकत असाल तर हात चालू राहू द्या, फक्त जवळ एक पेन्सिल ठेवा. पुढं काही नंबर सांगणार आहे.

आमच्या बचत गटातल्या एका ताईनं गेल्या पावसाळ्यात वीस हजारांचं कर्ज मागितलं. कारण सांगितलं, मुलाच्या कॉलेजची फी. तिची परतफेड कधी चुकलेली नव्हती, म्हणून आम्ही ठराव लिहिला आणि सह्या केल्या. पुढं तीन महिने हप्ता आला नाही. तिच्या घरी गेलो, तेव्हा ती चुलीपाशी बसून रडायला लागली. फी भरलेलीच नव्हती. मुलगा मोबाइलवर पैसे लावून खेळत होता. त्यासाठी त्यानं ॲपवरून कर्ज काढलं होतं आणि वसुलीवाले पाहुण्यारावळ्यांना फोन करत होते. अब्रू राखायला तिनं गटाचे पैसे तिकडं भरले. पंधरा दिवसांत पोरानं नवं कर्ज काढलं. "फुटक्या घागरीत पाणी ओतत होते मी," ती म्हणाली.

असं घर तुमच्याही गल्लीत असेल. म्हणून आज हे नीट समजून घेऊ.

आधी खेळ ओळखा. रमी, तीन पत्ती, रंग ओळखा, क्रिकेटची टीम लावा, वर चढणारं विमान पडायच्या आत पैसे काढा. नावं वेगवेगळी, पण पैसे लावायचे आणि जास्त मिळतील म्हणून वाट बघायची, हे सगळीकडं सारखं. पूर्वी मटका होता. मुंबईत त्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर आकडा लावण्यातून झाली. पण आकडा लावायला टपरीवर जावं लागायचं. कोण गेला ते गावाला दिसायचं. आता टपरी उशाखाली आली आहे, आणि ती रात्री बंदही होत नाही.

आता हिशेब बघा. समजा, तुम्ही दळण घेऊन गिरणीत गेलात आणि गिरणीवाल्यानं मजुरी म्हणून दहावा हिस्सा ठेवून घेतला. उरलेलं पुन्हा गिरणीत टाकलं, त्यानं पुन्हा दहावा हिस्सा ठेवला. खेळ चालवणाराही प्रत्येक डावात असाच आपला हिस्सा काढतो. हजार रुपयांचे पहिल्या डावाला नऊशे, मग आठशे दहा, मग सातशे एकोणतीस. सातव्या डावाला पाचशेसुद्धा राहत नाहीत. एखाद्याला मोठी रक्कम लागते, पण ती दुसऱ्या खेळणाऱ्यांच्याच खिशातली असते. बराच वेळ खेळत राहणाऱ्याचा डबा रिकामा होणारच. नशीब वाईट म्हणून नाही, हिशेबच तसा आहे म्हणून.

मग माणूस थांबत का नाही? सुरुवातीला दोनदा जिंकतो, ते डोक्यात पक्कं बसतं. नंतर हरला की वाटतं, गेलेले तेवढे परत आले की सोडून देईन. मैत्रिणींनो, सगळ्यात मोठा खड्डा हाच. गेलेले परत आणायला तो आणखी लावतो, मग उसने घेतो, मग खोटं बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेनं जुगाराच्या या अवस्थेला आजारांच्या यादीत घातलं आहे. म्हणजे घरात केलेलं नुकसान माफ झालं असं नाही. पण शिव्या देऊन किंवा शपथ घालून हा आजार जात नाही, उपचार लागतात.

जाहिरातीच्या शेवटी भरभर म्हणायचे ना, "जबाबदारीनं खेळा"? आजारी माणसाला ते जमत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. म्हणून मदत मागायला घाबरू नका. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले, तरी चोरून येणाऱ्या लिंक आणि परदेशी ॲप थांबलेली नाहीत. तिथं जिंकलेले पैसे अडकले तर दाद मागायला कुणीच नसतं.

घरात काय दिसलं तर सावध व्हायचं? रात्र रात्र मोबाइल. आपण जवळ गेलो की पालथा ठेवलेला फोन. दुधाचं बिल आलं त्याच दिवशी संपणं. डब्यातले पैंजण गायब. शेळी विकली, पण पैसे कुठं गेले ते सांगता न येणं. एक खूण दिसली म्हणून आरोप करू नका. दोन-तीन एकत्र दिसल्या तर बोला.

कधी बोलायचं? तो हरून आला तेव्हा नाही, सासू-सासऱ्यांसमोर नाही, दारू प्यालेला असताना तर नाहीच. सकाळी, शांतपणे. "अहो, मला भांडायचं नाही. किती देणं आहे तेवढं सगळं सांगा. आपण कागदावर लिहू." एवढंच म्हणा. मारहाणीची भीती असेल तर एकटीनं बोलू नका. भावाला नाहीतर गटातल्या ताईला सोबत घ्या. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे नंबर आहेत. तुमचं स्त्रीधन तुमचं आहे. ते परस्पर विकणं हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ धरला जातो.

कागदावर देण्याचे तीन रकाने करा. पहिला, बँक, पतसंस्था आणि गट. हे फेडायचंच आहे. जाऊन सांगा, हप्ता वाढवून घ्या. दुसरा, कर्जाची ॲप. ॲपमागं रिझर्व्ह बँकेत नोंद असलेली संस्था आहे का ते तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशा ॲपला तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो घेता येत नाहीत. धमकी आली किंवा फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. तिसरा, पैजेत हरलेले पैसे मागणारे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणं पैजेचा करार निरर्थक आहे, कोर्टात त्याची वसुली होत नाही. कुणी दमदाटी केली तर पोलिसांत जा.

सगळं देणं एकदम आणि गुपचूप फेडू नका. आमच्या ताईनं तेच केलं होतं. आधी पैशाची वाट बंद करा. ॲप काढून टाका. बँकेत जाऊन मोबाइलवरून पैसे पाठवायची मर्यादा कमी करून घ्या. दुधाचं आणि पिकाचं बिल काही महिने घरातल्या दुसऱ्या माणसाच्या खात्यावर घ्या. आणि "तुमचं खातं वापरायला द्या, महिन्याला हजार देतो" असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. त्यातून जुगाराचे पैसे फिरतात, आणि चौकशी खातेदार बाईची होते.

आता पेन्सिल घ्या. टेली-मानस, १४४१६. पुन्हा सांगते, एक, चार, चार, एक, सहा. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. खेळणाराच नाही, घरच्या माणसानंही करावा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, तिथं समुपदेशन आणि औषध दोन्ही मिळतं. वाट माहीत नसेल तर आशाताईंना विचारा.

एक गोष्ट फार महत्त्वाची. कर्जापायी कुणी "मी असून काय उपयोग" असं बोललं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि लगेच १४४१६ लावा. कर्ज फेडता येतं, माणूस परत येत नाही.

आमच्या ताईचं काय झालं? गटानं तिचा हप्ता निम्मा केला, पण कर्ज वहीत खऱ्या कारणानं लिहिलं. मुलगा दर महिन्याला जिल्हा रुग्णालयात जातो. मध्ये एकदा घसरला. त्या वेळी मात्र दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच आईला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, उपचार सोडू नका.

आणि एक बदल आम्ही आमच्यात केला. आता कर्जाची मागणी आली की आम्ही विचारतो, "घरात दुसरी काही अडचण आहे का? असेल तर आधी ती बोलू." त्या दिवशी आम्ही हे विचारलं असतं, तर तिला खोटं बोलावं लागलं नसतं. या आठवड्याच्या बैठकीत तुम्हीही विचारून बघा.