गुप्त संघटना आणि ‘अदृश्य सत्ताधीश’ : इल्युमिनाटी कटसिद्धांताची चिकित्सा

प्रस्तावना

युद्धे, क्रांत्या व आर्थिक अरिष्टे मूठभर व्यक्तींचा एक गुप्त गट ठरवून घडवून आणतो, या धारणेस सर्वसाधारणपणे ‘कटसिद्धांत’ म्हटले जाते. सुशिक्षित वर्ग अशा धारणांना अज्ञानाचे फलित मानून सोडून देतो. परंतु त्यांचा इतिहास पाहता त्या रचण्यात विद्वान मंडळींचाही मोठा वाटा असल्याचे दिसते. प्रस्तुत लेखात बव्हेरियातील ‘इल्युमिनाटी’ या संघटनेच्या आधारे कटसिद्धांताची घडण स्पष्ट करण्याचा आणि खरा कट व कटसिद्धांत यांतील भेदाचा निकष शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक वस्तुस्थिती

इल्युमिनाटी ही काल्पनिक संघटना नव्हे. इंगोलस्टाट विद्यापीठात चर्चच्या कायद्याचे अध्यापन करणारे प्राध्यापक ॲडम वाइसहाउप्ट यांनी १ मे १७७६ रोजी तिची स्थापना केली. धर्मसत्तेच्या वर्चस्वास विरोध व विवेकवादाचा प्रसार हे तिचे उद्दिष्ट होते. सभासदांना टोपणनावे दिली जात. वाइसहाउप्ट स्वतः ‘स्पार्टाकस’ या नावाने वावरत. १७८० मध्ये सामील झालेल्या बॅरन क्निगे यांच्यामुळे संघटनेचा विस्तार झाला. तथापि संस्थापकाशी बेबनाव होऊन १७८४ मध्ये ते बाहेर पडले. त्याच वर्षी बव्हेरियाचे शासक कार्ल थिओडोर यांनी विनापरवाना संघटनांवर बंदी घातली आणि १७८५ च्या हुकमात इल्युमिनाटीचा नामनिर्देश केला. वाइसहाउप्ट यांना बव्हेरिया सोडावे लागले. पुढे एका प्रमुख सभासदाच्या घरी जप्त झालेली कागदपत्रे १७८७ मध्ये शासनानेच प्रसिद्ध केली. सारांश, ही संघटना जेमतेम दहा वर्षे टिकली व अंतर्गत कलह आणि राजाज्ञा यांमुळे संपुष्टात आली.

सिद्धांताची घडण

१७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने युरोप हादरला. एवढ्या मोठ्या उलथापालथीला तेवढाच मोठा कर्ता असला पाहिजे, ही अपेक्षा तेव्हा बळावली. १७९७ मध्ये इंग्लंडमध्ये आश्रय घेतलेले फ्रेंच धर्मगुरू ऑगस्टँ बार्‍युएल आणि एडिंबरा विद्यापीठातील प्राध्यापक जॉन रॉबिसन यांनी स्वतंत्र ग्रंथांतून इल्युमिनाटी जिवंत असून क्रांती हे तिचेच कारस्थान असल्याचे प्रतिपादन केले. १७९८ मध्ये अमेरिकेतील धर्मोपदेशक जेडिडाया मॉर्स यांनी बॉस्टन येथील प्रवचनातून हीच भीती व्यक्त केली. क्रांतीच्या प्रारंभी राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद भूषविलेले मूनिए यांनी १८०१ मध्ये या मताचे खंडन केले. पण त्याचा फारसा परिणाम झाला नाही.

याचे कारण सिद्धांताच्या रचनेतच आहे. संघटना आढळली तर ती पुरावा ठरते. आढळली नाही तर ती किती गुप्त आहे याचा तो पुरावा मानला जातो. कोणत्याही वस्तुस्थितीने खोटा ठरू न शकणारा हा युक्तिवाद आहे.

रिकामी जागा आणि तिचे परिणाम

अशा सिद्धांतात कटकर्त्याची जागा कायम राहते, तिथे बसविलेले नाव मात्र बदलते. १८०६ मध्ये बार्‍युएल यांना आलेल्या एका पत्रात या कटामागे ज्यू असल्याचा आरोप होता. १९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका वृत्तपत्रात ज्यूंच्या जागतिक कटाचे तथाकथित ‘इतिवृत्त’ (प्रोटोकॉल्स) छापले गेले. मोरिस जोली यांनी तिसऱ्या नेपोलियनवर १८६४ मध्ये लिहिलेल्या उपरोधिक पुस्तकातून त्यातील मोठा भाग उचललेला असल्याचे १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने दाखवून दिले. मूळ पुस्तकाचा ज्यूंशी काही संबंध नव्हता. तरीही नाझी पक्षाने हे बनावट लेखन प्रचारासाठी वापरले. त्या द्वेषाची परिणती सर्वज्ञात आहे.

खरा कट व कटसिद्धांत

याचा अर्थ गुप्त कट होतच नाहीत असा नव्हे. इटलीत ‘पी-टू’ या गुप्त संघटनेची ९६२ नावांची यादी मार्च १९८१ मध्ये पोलिसांच्या हाती लागली. तीत मंत्री, खासदार व सेनाधिकारी होते. सरकार कोसळले, संसदीय चौकशी झाली आणि १९८२ मध्ये अशा संघटनांवर बंदी घालणारा कायदा झाला. येथे आरोप मर्यादित होता, नावे होती, कागद तपासता येत होते.

मूठभरांच्या हाती सत्ता एकवटते, हे म्हणणेही कटसिद्धांत ठरत नाही. सी. राइट मिल्स यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सत्ताधारी अभिजनांचे विश्लेषण केले, ते उद्योग, लष्कर व शासन या उघड संस्थांच्या आधारे. गुप्त बैठकांच्या आधारे नव्हे. कार्ल पॉपर यांनीही कट घडतात हे मान्य केले. परंतु ते क्वचितच योजल्याप्रमाणे तडीस जातात, याकडे लक्ष वेधले. इल्युमिनाटीचा इतिहास त्याचीच साक्ष देतो.

समारोप

सत्तेविषयी संशय घेणारा विद्यार्थी चुकत नाही. लोकशाहीत तो संशय आवश्यकच आहे. त्याची थट्टा केल्यास तो वर्गात बोलणे थांबवील, मानणे थांबविणार नाही. म्हणून ‘कोणता पुरावा मिळाल्यास तू तुझे मत बदलशील?’ हा प्रश्न त्याला विचारणे अधिक फलदायी ठरेल. तो प्रश्न अध्यापकाने प्रथम स्वतःच्या मतांनाही लावला पाहिजे. कारण बार्‍युएल व रॉबिसन हे दोघेही विद्वानच होते.